होणाऱ्या मेहुण्याची डबी

आता जे सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच तर माझी कात्री त्याची. मशीन बंद करा जरा, ऐकू येत नाही. माझी धाकटी बहीण तिकडे कोपऱ्यात काजं करत बसलीय ना, तिच्या लग्नाच्या वेळची गोष्ट.

नवरदेवाचा कोट मीच शिवत होतो. होणारा मेहुणा मापाला आला, माप घेतलं, कापड बेतलं. फिटिंगला आला तर कंबर इंचभर कमी! शिंप्याला अशा वेळी पहिला संशय येतो तो टेपचा. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, मग सगळं जग बारीक भरायला लागतं. मी कारागिरावर डोळे वटारले, "टेप कुणी ओढली रे?"

"मास्तर, कालच तर नवी आणली."

पुढच्या फिटिंगला आणखी इंच गायब. म्हणजे टेप सरळ होती, माणूसच वाकडा होता.

बरं, खाणं कमी म्हणावं तर आमच्या घरी हा गडी ताटावर असा तुटून पडायचा की आई वाढता वाढता दमायची. एवढं रिचवून माणूस झडतो कसा? माझ्या मनात पाल चुकचुकली. पाणी कुठंतरी मुरत होतं. व्यसन असेल, नाहीतर दुसरा संसार. दोन घरं सांभाळणारा असाच वाळतो.

धाकटीला स्पष्ट सांगितलं, "चौकशी झाल्याशिवाय हे लग्न होणार नाही."

"तुला आजवर कोण पसंत पडलंय रे?" म्हणाली आणि दार आपटून आत गेली. तिचा जीव जडलेला. मी गप्प बसलो आणि तो लबाड निघाला, तर तिच्या जन्माचं वाटोळं. आणि उगाच लग्न मोडलं, तर ते वाटोळं माझ्या हातून. करायचं काय?

पाळत ठेवली. सकाळी सकाळी गडी घराबाहेर पडला. हातात रुमालात गुंडाळलेली इवलीशी डबी, आणि चाल अशी जपून, की जणू आत कुणाचं काळीज ठेवलंय. मागे बघतो, पुढे बघतो, बोळात शिरतो. बोळाच्या टोकाला एक खिडकी. खिडकीत एक बाई, हसरी. तिनं डबी घेतली नि म्हणाली, "उद्या पुन्हा आणा हं, विसरू नका."

दुसऱ्या दिवशी पुन्हा डबी! माझं डोकं भणभणलं. आज अंगठी, उद्या कुडी, परवा काय, मंगळसूत्र?

तिसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरून झेप घेतली आणि डबी हिसकावली.

"दादा, उघडू नका!"

"का? कुणासाठी आहे?"

"तपासायला द्यायचंय हो!"

"म्हणजे सोनंच की!" म्हणून मी झाकण उघडलं. तेही नाकाजवळ धरून.

पुढचं तुम्ही समजून घ्या. खिडकीतली बाई धावत बाहेर आली. "अहो, शौचाचा नमुना आहे तो! जंताची अंडी रोज सापडतातच असं नाही, म्हणून लागोपाठ तीन दिवस मागवतो आम्ही." निघाला चपटा जंत, फितीसारखा. डॉक्टरांनी विचारलं, "मांस अर्धकच्चं खाता का?" गडी मान खाली घालून हो म्हणाला.

गोळी दिली. आणि मंडळी, तो जंत अख्खा बाहेर आला! शेपूट जिन्यावरून उतरून रस्त्यावर, डोकं अजून मोरीतच. मी टेप लावली तर टेप संपली, जंत संपेना. शेवटी धुऊन, वाळवून, इस्त्री फिरवली, त्याच्यावरच इंचाच्या खुणा केल्या आणि लग्नाचा कोट त्याच मापानं—

"दादा, पुरे!" धाकटीनं सुई कापडात खोचली. "थापा मारतोस! ह्यांना कधी जंत झाला नाही. वाळत होतास तू. घरात चकार शब्द न काढता बोळात जायचास तू. लग्नाच्या तोंडावर माझ्या भावाला कुठलं मोठं दुखणं जडलं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता, आणि तुझ्यामागून येऊन ती डबी हिसकावली, उघडली ती मी!"