रविवारचं जॅकेट

“हात वर करा. आणखी वर. छताला लावायचेत असं समजा.”

सिस्टरांनी हात उंचावले तसं हवेनं टम्म फुगलेलं जॅकेटही वर सरकलं आणि त्याची कॉलर कानांना जाऊन भिडली. आरशात चष्मा आणि कपाळ तेवढं उरलं.

“अगं बाई!” कोपऱ्यातल्या स्टुलावरून धाकटी बहीण म्हणाली, “ताई, गोणीतून मांजर डोकावतंय अगदी!”

“मोठं होतंय,” दुकानदार म्हणाला. “पहिल्यांदा घेणारे सगळे मोठंच मागतात. जास्त हवा म्हणजे जिवाला जास्त आधार, असं वाटतं. पाण्यात तेच नाकातोंडाशी येतं.” त्यानं एक दोरी ओढली. फुस्स करून सगळा फुगवटा उतरला.

दुकानदार सत्तरीचा होता. उमेदीची वर्षं त्यानं पाण्याखाली काढली होती आणि उजवा कान तिथंच ठेवून आला होता. त्यामुळे त्याच्याशी बोलायचं तर डावीकडून. दुकानात रबराचा वास कोंडला होता. भिंतीशी हवेच्या टाक्या ओळीनं उभ्या होत्या आणि खुंट्यांवर ही जॅकेटं टांगलेली. पाठीवरची टाकी धरून ठेवायची, हवा भरली की माणसाला वर न्यायचं, सोडली की खाली जाऊ द्यायचं, हे त्यांचं काम.

रविवारी सिस्टर पहिल्यांदा समुद्रात उतरणार होत्या. पोहण्याच्या तलावातलं जॅकेट तलावाबाहेर नेता येत नाही, म्हणून ही खरेदी.

नर्सच्या नोकरीत चौतीस वर्षं झाली होती, आठ महिने उरले होते. माणसं उचलून उचलून पाठ कामातून गेली, तेव्हा हॉस्पिटलातल्याच डॉक्टरांनी पोहायला धाडलं. शेजारच्या पट्ट्यात पाणबुड्यांचा वर्ग चाले. एकदा तिथल्या शिकवणाऱ्या मुलीनं सहज म्हटलं, “चला मॅडम, दहा मिनिटं खाली बसून या.” सिस्टर तळाच्या फरशीवर जाऊन बसल्या. घंटा नाही, ट्रॉलीची खडखड नाही. आपलाच श्वास आणि आपलेच बुडबुडे. वर आल्या तेव्हा डोळ्यांवरच्या काचेच्या आत डोळे ओले झाले होते. पाण्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

घरी येऊन बहिणीला म्हणाल्या, “तिथं कुणी हाक मारत नाही गं.”

“ही कसली जगावेगळी हौस!” बहीण म्हणाली होती. “या वयात बायका गुडघ्याला पट्टा घेतात.” पण सिस्टर त्या वर्गाला जायला लागल्या, तेव्हापासून दर मंगळवारी त्यांचा टॉवेल आणि कोरडे कपडे पिशवीत घालून दाराशी ठेवायची तीच.

दुसरं जॅकेट अंगाला नेमकं बसलं. दुकानदारानं टाकीची नळी जोडून हवा भरली, तसं ते छातीभोवती, कुशींभोवती हळूहळू आवळत गेलं. सिस्टरांना रक्तदाबाचा पट्टा आठवला. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या दंडाला तो आवळला. आज पहिल्यांदाच आपल्याला कुणीतरी पट्टा बांधतंय, असं वाटून त्यांना हसू आलं.

“पोटातून श्वास घ्या. अडतोय?”

“नाही. छान वाटतंय.”

“दिसतंयही छान,” बहीण म्हणाली. “घे आणि चल बाई. या स्टुलावर माझी कंबर मोडली.”

“थांबा,” दुकानदार म्हणाला. “माझा एक नियम आहे. डोळे मिटायचे, डाव्या खांद्यावरच्या नळीचं बटण चाचपून शोधायचं. तीनदा हवा भरायची, तीनदा सोडायची. एका हातानं. हे झाल्याशिवाय मी जॅकेट बांधून देत नाही. बाई असो, बाप्या असो.”

सिस्टरांनी डोळे मिटले. बटण लगेच सापडलं. त्यांनी अंगठा ठेवला आणि दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ गेली.

त्या डावखुऱ्या. नोकरीला लागल्या तेव्हा काचेच्या सिरिंजा उकळत ठेवाव्या लागत. औषधाच्या काचेच्या कुप्या कानशीनं घासून याच अंगठ्यानं मोडायच्या. पट्ट्याची हवा भरायचा रबरी फुगा याच हातात, ती सोडायचा स्क्रू याच अंगठ्याखाली. दिवसाला साठ-साठ दंड. तलावातल्या जुन्या जॅकेटांची बटणं सैल झालेली, नुसतं बोट टेकलं तरी दबायची. त्यामुळे तिथं काही कळलं नव्हतं.

त्यांनी उजवा हात अलगद वर नेला आणि दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून जोर दिला. हवा भरली.

“एक हात, सिस्टर.”

“आज जरा आखडलाय. कालची ड्युटी लांबली ना, म्हणून.”

बोलल्या आणि आपलाच आवाज त्यांना ओळखीचा वाटला. जिना चढून आलो म्हणून दम लागला. चष्मा घरी राहिला म्हणून दिसत नाही. खाटेच्या कडेला बसून लोक याच सुरात सांगायचे. सिस्टर कधी वाद घालत नसत. पट्टा सोडून पुन्हा बांधायच्या आणि गप्प थांबायच्या. दुकानदारही आता तसाच थांबला होता. नळीकडे बघत.

“काल नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “दोन वर्षं झाली.”

बहीण स्टुलावरून उठली. “म्हणून बरण्यांची झाकणं मला उघडायला लावतेस होय! वर म्हणायचं, बरण्या जुन्या झाल्यात.” मग दुकानदाराच्या डावीकडे जाऊन म्हणाली, “अहो, ते बटण सैल करून द्या की थोडं. शिवणाच्या मशीनला नाही का आपण तेल घालत?”

“सैल बटण अडकतं. अडकलं की हवा भरतच राहते आणि माणूस बुचासारखा वर फेकला जातो. तलावात निभावतं. समुद्रात फुप्फुसं फाटतात. तलाववाल्यांना मी दोनदा जाऊन सांगून आलोय.”



“तळव्यानं दाबलं तर?” सिस्टरांनी विचारलं.

“एकदा दाबाल. पण वर येताना जरा सोडा, जरा भरा, पुन्हा सोडा, असं सारखं चालतं. ते अंगठ्याचंच काम, आणि उजवा हात बाकीच्या कामांना मोकळा लागतो.” त्यानं मान खाजवली. “मी काही पोलीस नाही, सिस्टर. मागच्या रस्त्याला आणखी एक दुकान आहे. तिथं डोळे मिटायला लावत नाहीत.”

“मग चल की तिकडे!” बहिणीनं पर्स खांद्याला लावलीसुद्धा. “एक रविवार मागितलास चौतीस वर्षांत. तोही नाही मिळायचा म्हणजे काय?”

सिस्टर जॅकेटचे पट्टे सोडत होत्या. ते उजव्या हातानं सोडायला वेळ लागला.

“खाली जोडीनं जातात,” त्या म्हणाल्या. “माझ्या जोडीला एक कॉलेजातली मुलगी आहे. माझं बटण दाबलं गेलं नाही, तर ती मला धरायला येईल. ती येणारच. चांगली मुलगी आहे.”

बहीण पुन्हा स्टुलावर बसली. तिनं पर्स मांडीवर घेतली.

दुकानदारानं जॅकेट खुंटीला लावलं. “एक प्रकार असतो. त्याला खांद्यावर बटण नाही, कमरेशी दांडी असते. वर ओढली की हवा भरते, खाली दाबली की सुटते. सगळी मूठ वापरता येते. फार कुणी घेत नाही म्हणून मी ठेवत नाही. मागवायला दीड महिना लागेल.”

“म्हणजे मोसम संपला.”

“संपला. मग पुढचा, सहा महिन्यांनी.”

सहा महिन्यांत अंगठा कुठवर जाईल, आणि अंगठ्यापाठोपाठ मूठ, हे सिस्टरांना कुणी सांगायची गरज नव्हती.

“मागवा,” त्या म्हणाल्या.

त्यानं टेप घेऊन त्यांच्या छातीचं, कमरेचं माप घेतलं आणि वहीत लिहिलं. सिस्टरांनी विचारलं, “तुम्ही जाता का अजून खाली?”

“अकरा वर्षं झाली, नाही. कान गेला तेव्हा आधी सर्दी झालीय म्हणून सांगत होतो. सात महिने सर्दी होती मला.”

सिस्टर हसल्या. बराच वेळ हसल्या, चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्याच संध्याकाळी त्यांनी वॉर्डात फोन केला. त्यांच्या रविवारच्या सुट्टीसाठी नव्या सिस्टरनं आपली सुट्टी सोडली होती. तिला तिचा रविवार परत मिळाला.

रविवारी नऊच्या सुमाराला खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, “हे काय? तुम्ही तर आज समुद्राच्या तळाशी असणार होतात. सगळ्या वॉर्डाला सांगून ठेवलं होतंत.”

“मापाचं जॅकेट मिळालं नाही. मागवलंय.”

“शिंप्यांचं हे असंच. वेळेवर म्हणून देणार नाहीत.”

“हात सैल सोडा, आजोबा. बोलू नका.”

त्यांनी पट्टा गुंडाळला, स्टेथोस्कोप कानांना लावून त्याची तबकडी पट्ट्याखाली सरकवली. रबरी फुगा डाव्या मुठीत धरून सगळ्या बोटांनी दाबला. काटा चढत गेला. मग उजव्या हातानं स्क्रू जरासा फिरवला. हवा सुटू लागली आणि काटा हळूहळू उतरायला लागला. कानातले ठोके थांबले तसा आकडा मनात टिपून सिस्टरांनी डोळे मिटले.

दोन खाटा पलीकडून कुणीतरी हाक मारली, “सिस्टर!”

काटा अजून उतरत होता. त्यांनी तो तळापर्यंत जाऊ दिला.

“आले,” मग त्या म्हणाल्या.