बायकोची सही लागते

तिसऱ्यांदा व्हर्लिन कोरा फॉर्म घेऊन परत आला. त्याने टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली, तिच्यावर फॉर्म ठेवला आणि थंडी कशी ओसरली आहे यावर बोलायला लागला. तळ्यावरचा बर्फ आता भरवशाचा राहिलेला नाही, म्हणाला. मासे धरायची खोपटी या आठवड्यात ओढून काठावर आणली नाही तर बुडणार.

"सही कुठे आहे?" मी विचारलं.

"ती घरी नव्हती."

"शनिवारीही नव्हती. त्याआधी रस्ता निसरडा होता."

"होताच."

मी पेलिकन फॉल्समध्ये लोकांचे कर भरून देते. माझं ऑफिस म्हणजे गळाला लावायच्या अळ्या विकणाऱ्या दुकानाची मागची खोली. मार्चमध्ये पुढे अळ्या वळवळत असतात आणि मागे माझी गिऱ्हाईकं. सगळ्यांना सगळं शेवटच्या आठवड्यात आठवतं, आणि शिव्या करखात्याच्या वाटणीच्या मला मिळतात. पण व्हर्लिनने त्या वर्षी जे नाकी नऊ आणले, तसे कुणी आणले नव्हते.

व्हर्लिन गुलब्रॅन्सन तळ्याकाठच्या बंगल्यांपुढे होड्या लावायचे लाकडी धक्के बसवतो. बर्फ वितळला की पाण्यात उतरून बसवायचे, पानगळीत पुन्हा उतरून काढायचे. राहू दिले तर हिवाळ्यातला बर्फ त्यांच्या काड्या करतो. जन्मभर त्याने हेच केलं. कंपनी त्याच्या एकट्याची, मर्यादित जबाबदारीची, गाडीच्या दारावर नाव रंगवलेलं.

अशा कंपनीला कर कसा लावून घ्यायचा हे मालकाला निवडता येतं. काहीच निवडलं नाही तर करखात्याच्या लेखी कंपनी म्हणजेच व्हर्लिन. जो काय नफा होईल त्या सगळ्यावर पेन्शनची वर्गणी, तीही मालकाची आणि नोकराची अशी दोन्ही, त्यानेच भरायची. एस कॉर्पोरेशन नावाचा प्रकार निवडला की तो आपल्याच कंपनीत पगारी नोकर होतो. मग वर्गणी फक्त पगारावर, बाकीच्या नफ्यावर वाचते. ऐकायला गोड आहे. पण पगार आला की पगारपत्रकं आली, कंपनीचं वेगळं विवरण आलं, वर माझी फी आली. व्हर्लिनच्या धंद्याला हे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

हे मी त्याला फेब्रुवारीत सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, कागदावर आकडे मांडून दाखवले. तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे तुझं, कोरीन. पण मला ते एसवालंच पाहिजे." पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तरी किती? घडा निदान हो म्हणत नाही.

बरं, पाहिजे तर पाहिजे. पण आमच्या विस्कॉन्सिन राज्यात लग्नानंतरची कमाई नवराबायकोची अर्धी अर्धी धरतात. कंपनी एकट्या नवऱ्याच्या नावावर असली तरी एसच्या या फॉर्मवर बायकोची सही लागते. ती नसेल तर फॉर्म फुकट. आणि चालू वर्षाला लागू व्हायचा तर तो पंधरा मार्चच्या आत पाठवावा लागतो.

व्हर्लिनची बायको आर्लिस नऊ वर्षांपूर्वी मेरिडनला बहिणीकडे गेली. पाऊण तासाचा रस्ता. ना भांडण, ना घटस्फोट. अजूनही गावात कुणी विचारलं की व्हर्लिन सांगतो, "बहिणीकडे गेलीय," जणू काल दुपारचीच गोष्ट. आणि आम्ही म्हणतो, हो का, आमचा नमस्कार सांग. आमच्या गावात लोक एकमेकांची गाडी चिखलातून न बोलवता ढकलतील, पण असलं काही विचारणार नाहीत. मीसुद्धा त्याच्या विवरणात दर वर्षी 'विवाहित, स्वतंत्र' या चौकोनात खूण करत आले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

शुक्रवारी पंधरा तारीख होती. दुपारी मी त्याला फोन केला, तर हा खोपटी ओढायला निघाला होता. मी म्हटलं, बुडू दे ती, आणि ऑफिस बंद करून त्याला माझ्या गाडीत घातलं. वाटेत त्याने रस्त्यावरचे खड्डे, हरणं आणि डिझेलचा भाव एवढ्या विषयांवर मतं दिली. आर्लिसचं नाव काढलं नाही.

ईस्टरआधीचे उपवासाचे शुक्रवार चालू होते, त्या दिवशी मांस चालत नाही पण मासा चालतो, म्हणून आर्लिस चर्चच्या तळघरात होती. तिथे संध्याकाळी अख्खं मेरिडन तळलेला मासा खायला येतं. तिकीट काढून रांगेत उभं राहायचं, थाळी पुढे सरकवत न्यायची. आर्लिस कोबीच्या कोशिंबिरीवर होती. केस पांढरे झाले होते, पण डाव मारायची पद्धत तीच, एका फटक्यात. व्हर्लिन तिच्यासमोर आला. मी त्याच्या मागे.

"कोबी जरा कमी," तो म्हणाला.

मला वाटलं, आपणच आता याच्या डोक्यात थाळी घालावी. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पाहिले होते, हा तर भांडं घरी ठेवून आला होता. शेवटी मीच फॉर्म पुढे केला आणि तिला सांगितलं की तिची सही हवी आहे, आजच. तिने डाव शेजारच्या बाईच्या हातात दिला, अॅप्रनला हात पुसले आणि आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलाशी नेलं.

तिने फॉर्म सावकाश वाचला. मी समजावलं, पगार काय, वर्गणी काय, अर्धा हिस्सा कसा. तिने आपल्याला काय मिळेल हे विचारलंच नाही.

"याच्यात ह्याचा फायदा आहे?"

खोटं बोलायला माझी जीभ वळेना. म्हटलं, नाही, उलट थोडं पदरचंच जाईल.

"मग कशाला भरतोय?"

व्हर्लिन पावाला लोणी लावत होता, अगदी कडेपर्यंत. त्याने मान वर केली नाही.

"हिचं लायब्ररीत भाषण होतं," तो म्हणाला. "तिथे कळलं. बाकीचे सगळे कागद माझ्या एकट्याच्या सहीवर चालतात. हा एकच चालत नाही."

मला जानेवारीतली ती संध्याकाळ आठवली. छोट्या धंदेवाल्यांसाठी मी फुकट बोलत होते आणि मागच्या रांगेतून व्हर्लिनने एकच प्रश्न विचारला होता: म्हणजे बायकोची सही लागतेच? मी समजले होते, माणूस घाबरला. दीड महिना मी ज्याच्यावर चरफडत होते तो माणूस हा नव्हताच. मला फार वाईट वाटलं, आणि त्याचाही रागच आला.

आर्लिस म्हणाली, "आठवडाभर जाते म्हणून निघाले होते मी. आठवडा झाला तरी तुझा फोन नाही. कधी येतेस, एवढंच विचारायचं होतंस."

"मला वाटलं, विचारलेलं तुला आवडायचं नाही."

"नऊ वर्षं वाटत होतं?"

"हो."

तिने पेनाला टोपण लावलं. "मी बावीस वर्षं त्या गार पाण्यात तुझ्या धक्क्यांचे पाइप धरून उभी राहिले, व्हर्लिन. तुला खड्ड्यात घालणाऱ्या कागदावर मी सही करायची नाही."

फॉर्मची घडी घालून तिने तो त्याच्या थाळीशेजारी ठेवला आणि उठली. थोड्या वेळाने माशाचे आणखी दोन तुकडे त्याच्या थाळीत आले. आणले तिनेच. मग ती कोबीवर परत गेली. व्हर्लिनने सगळं संपवलं, रिकामी थाळी स्वतः नेऊन दिली आणि थँक्यू म्हणाला. ती म्हणाली, गाडी सांभाळून चालवा.

परतीच्या वाटेवर निम्मा रस्ता संपला तेव्हा त्याने विचारलं, "हा फॉर्म पुढच्या वर्षी भरता येतो का?"

"येतो की. दर मार्चला."

"आणि किती काम वाढलं तर फायद्यात येईल?"

मी त्याला अंदाज सांगितला. त्याने मनात धक्के मोजले. "बारा जास्त बसवायला लागतील," तो म्हणाला. मग म्हणाला, "अकरा. डॉक्टरीणबाईंचा धक्का मोठा आहे, दोन धरतो."

मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, अरे माणसा, फोन कर तिला. आज रात्री कर. त्याला फॉर्म लागत नाही, सही लागत नाही, मी लागत नाही.

तो खरोखर विचारात पडला. "पण काय काम आहे म्हणून सांगू?"

मी पुन्हा गाडी चालू केली.

मेमध्ये मी तळ्याकडच्या रस्त्याने जात होते तर व्हर्लिन पाण्यात दिसला. डॉक्टरीणबाईंच्याच बंगल्यापुढे. ते खरं तर दोघांचं काम. एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने पाणसळ बघायची. तो पाइप खांद्याने रेटून धरत होता आणि मान वाकडी करून पाणसळीतला बुडबुडा बघत होता. मी काच खाली करून ओरडले, फोन केलास का?

"आकडे बसले की करतो," तो म्हणाला. "तीन झाले जास्तीचे."

काठावर त्याची गाडी उभी होती. मागच्या हुकाला पाण्यात उतरताना घालायची, छातीपर्यंतची एक रबरी विजार लटकवलेली होती. त्याची स्वतःची अंगात होती. ही लहान मापाची होती आणि तिच्या गुडघ्यावर नवं ठिगळ लावलेलं होतं.