सात टक्क्यांचा अडसर

"आधी पाटी पूस, मग हात लाव. यंत्र खोटं बोलत नाही गं, माणसंच न वाचता निघून जातात."

सबस्टेशनच्या फाटकाशी जेवणाचा डबा घेऊन आलेल्या आठ वर्षांच्या पोरीला बाबांनी हे सांगितलं होतं. बाबा तिथे ऑपरेटर होते. त्या बोलण्याला पंचवीस वर्षं लोटली, पण आवाज अजून तिच्या कानाशी बसून होता.

आता ती स्वतः टेस्टिंग इंजिनिअर होती. समोर नवा ट्रान्सफॉर्मर ओल्या रंगाच्या वासासकट ऐटीत उभा होता. शेजारचा जुना म्हाताऱ्यासारखा कण्हत होता, तापत होता. चार वाजता नवा चालू करायचा होता. सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे लागलेले.

तिने खिशातून रुमाल काढला आणि नेमप्लेट पुसली. क्षमता तीच. व्होल्टेज तेच. खालच्या ओळीत मात्र इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा आतला अडसर, सात टक्के. जुन्याचा दहा होता.

"ताई, तीन टक्क्यांनी काय आभाळ कोसळतंय?" बाबांबरोबर काम केलेले फिटरकाका हसले. "उलट आतला अडसर कमी. व्होल्टेज मस्त टिकेल."

"रोजचं टिकेल हो काका. फॉल्ट होईल त्या दिवसाचं बोला."

ती उकिडवी बसली आणि ओट्यावर खडूने लिहू लागली. "शॉर्ट झालं की वीज चौखूर उधळते. तेव्हा तिला आवरतो तो हाच अडसर. दहा टक्के असला तर नेहमीच्या दहापट करंट, सात असला तर चौदापट. म्हणजे हजार अँपिअरचे चौदा हजार. आणि आपले ब्रेकर?"

काकांचं हसू मावळलं. "तेरा हजारांपर्यंतचेच."

"करंट तोडायला जातील आणि स्वतःच फुटतील."

मोठे साहेब तरातरा आले. "बाई, कागद वरून पास होऊन आलेत. शहर वाट बघतंय. अडवायचं असेल तर लेखी द्या. आणि तुमचं चुकलं, तर उद्यापासून तुम्ही कुठे असाल ते मला विचारू नका."

तिने कागद घेतला. ही नोकरी तिने जिवाचं रान करून मिळवली होती. अक्षर वाकडं येत होतं. पण आकडे सरळ आले. खाली तिने सही ठोकली.

साहेबांनी कागद वाचला. मग ओट्यावरचं गणित वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"मग करायचं काय?" आवाज उतरला होता.

"नदीपलीकडच्या स्टेशनात ब्रेकर नवे आहेत, पंचवीस हजारांचे. हा तिकडे द्या, तिकडचा दहा टक्केवाला इकडे आणा. तोवर इथला थोडा भार तिकडे वळवू, म्हणजे जुना आठ दिवस तग धरेल."

साहेबांनी तिचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग फिटरकाकांकडे वळून म्हणाले, "क्रेनवाल्याला जाऊ देऊ नका, हा परत उचलायचाय. आणि बाईंना आधी चहा द्या, माझ्या कपातला गेला तरी चालेल."

काकांनी चहा आणला. तो देताना ते हळूच म्हणाले, "बापाची पोर शोभतेस हो." तिची मान आपोआप ताठ झाली.

संध्याकाळी घरी बाबा टेबलफॅन उघडून बसले होते. डाव्या हाताची दोन बोटं त्यांना वाकवता येत नसत. ती डबा पोचवायची त्या फाटकाआतच एकदा ब्रेकर फुटला होता, तेव्हाचं भाजणं. कुणी विचारलं की ते एवढंच म्हणत, "नशीब."

तिने दिवसभराचं सगळं सांगितलं. बाबांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

"पाटी कशाने पुसलीस?"

"तुमच्याच रुमालाने."

त्यांनी ती दोन बोटं दुसऱ्या हातात धरली. पंख्याच्या पात्यांकडे बघत राहिले. मग बोलले, एकेक शब्द तळातून काढावा तसे.

"नशीब नव्हतं ते. तेव्हाही ट्रान्सफॉर्मर नवाच आला होता. पाटी मी पुसली होती, आकडाही कळला होता. पण साहेबांपुढे तोंड उघडलं नाही." त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले, तरी चेहरा उजळलेला. "मी वाचूनही निघून गेलो होतो, पोरी. तू थांबलीस."