दुहेरी टिपेची चकती

मला कशाकशाची भीती वाटते याची यादी करायला बसलं तर एक वही पुरायची नाही. लिफ्ट, उंच पूल, अनोळखी कुत्रा, ओळखीचा कुत्रा, बंद दाराआड वाजत राहिलेला फोन. आमची लेक मला भित्री भागूबाई म्हणते. तिचे बाबा म्हणतात, "तुझी आई घाबरायची थांबली की समज, काहीतरी मोठं झालंय." अशा बाईच्या नवऱ्याने साठी उलटल्यावर एका बेकरीची जुनी व्हॅन घ्यावी आणि म्हणावं, घराला कुलूप लावू, वर्षभर हिच्यातच राहू, हिच्यातच फिरू, याला काय म्हणायचं? लेक फोनवर हसत सुटली. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" म्हणाली. मी म्हटलं, विंचवाला निदान नांगी तरी असते.

हे सुतार. चाळीस वर्षं लोकांची स्वयंपाकघरं बांधली. मी पडदे शिवते, गाद्यांच्या खोळी शिवते. आमच्या घरात लग्नापासून एक कायदा आहे. सुई माझी, रंधा त्यांचा. एकमेकांच्या कामात हात घालायचा नाही, न विचारता सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. याच कायद्यावर संसार टिकला असं आम्ही लोकांना ऐटीत सांगत आलोय.

भुसा आणि पॉलिशपायी त्यांचं नाक कधीच गेलं. दूध करपलं, कुठे काही कुजलं, त्यांना पत्ता नसतो. वास घ्यायचं खातं माझ्याकडे. व्हॅन उन्हात तापली की तिच्यातून भाजलेल्या पावाचा वास यायचा. मग मला दारात उभं करून विचारायचे, "आज कसला येतोय?" मी म्हणायचे, "आज गोड बिस्किटांचा." तेवढ्यावर स्वारी खूश.

चार महिने ते त्या व्हॅनमध्ये राबले. पावाचे ट्रे ठेवायच्या मांडण्या काढल्या, तर खाली पत्र्याला भोकंच भोकं. ती एकेक करून बुजवली. वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर राखाडी जाड कापड चिकटवलं. पलंग, ओटा, ओट्याखाली सिलिंडरचं कपाट. माझ्या वाट्याला सहा खिडक्यांचे पडदे आले. मी ते शिवत होते आणि मनात एकेक भीती ओवत होते. रस्त्यात कुणी काच फोडली तर? यांच्या छातीत दुखलं तर? मला गाडी चालवता येत नाही, मी कुणाला हाक मारू? लोक म्हणतात भित्यापाठी ब्रह्मराक्षस. माझ्या पाठी एकच असता तर मी नावाने ओळखला असता.

एक दिवस हे बाजारात गेले असताना मी आत पडद्याची मापं घेत बसले होते. घोट्याला गार वारा लागला. शोधत गेले तर ओट्याखालच्या रिकाम्या कपाटात, अगदी मागच्या कोपऱ्यात, वाटीएवढं भोक. खालची जमीन दिसत होती. अंगावर काटा आला. त्यातून उंदीर येईल, साप येईल, आम्ही झोपलेले असू आणि ते गादीवर चढेल! एवढी भोकं बुजवली आणि नेमकं हे राहिलं, असं मला वाटलं. यांना सांगावं तर पुढचे आठ दिवस "साप आला का गं?" चालू राहिलं असतं. शिवाय कामातली चूक दाखवणं म्हणजे कायदेभंग.

मग मी उरलेल्या राखाडी कापडाची गोल चकती कापली, दोन थर, मध्ये कापूस. कुणाला दिसणार नव्हती, तरी काठाला दुहेरी टीप मारली. सवय. माझ्या शिवणकामात फट राहत नाही. गोंद लावून चकती भोकात, फळीच्या कापडाशी सपाट, दाबून बसवली. वारा थांबला. त्या दिवशी चार महिन्यांत पहिल्यांदा मला त्या व्हॅनमध्ये बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात सिलिंडर आला. यांनी तो कपाटात बसवला, नळी जोडली. मला म्हणाले, "उद्या तू वास घे, मी फेस लावून सांधे बघतो, मगच पेटवायचं." गॅस गळला तर ओरडणारं यंत्रही आणलं होतं, पण ते अजून खोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडद्यांचे हुक आणायला गेले. परत आले तर व्हॅनचं दार लावलेलं. बाहेर बोचरा वारा होता म्हणून लावलं असेल. मी दार सरकवलं आणि तो वास असा अंगावर आला की मी एक पाऊल मागे गेले. गॅस. आत हे ओट्यासमोर वाकलेले. शेगडीवर चहाचं नवं भांडं, हातात लायटर.

"आलीस? म्हटलं तू येईपर्यंत पहिला चहा..."

मला ओरडायचं होतं. घशातून आवाजच फुटेना. मी आत झेपावले आणि त्यांच्या मनगटाला दोन्ही हातांनी लटकले. हुकांची पिशवी फुटली, भांड्यातलं पाणी माझ्या साडीवर सांडलं. ते "अगं, अगं" करत होते. मी त्यांना ओढत बाहेर आणलं, पार रस्त्याच्या कडेपर्यंत. तिथे कुठे मला शब्द सापडला.

"गॅस!"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. श्वास रोखून ते परत गेले, मी नको नको म्हणत असताना. सिलिंडर बंद केला, सगळी दारं सताड उघडली. मग येऊन पायरीवर बसले. लायटर माझ्या मुठीत होता. बोटं उघडायला तयार नव्हती.

ते म्हणाले, "सांधा ढिला राहिला असेल. फेस लावून बघायला हवं होतं. पण गॅस आत साठायलाच नको होता."

"म्हणजे?"

"अगं, तो हवेपेक्षा जड. पाण्यासारखा खाली बसतो. म्हणून कपाटाच्या तळाला भोक ठेवायचं असतं. गळला तरी तो खालच्या खाली बाहेर जातो. मी ठेवलं होतं."

माझ्या डोळ्यांसमोर ती चकती आली.

ते उठले, कपाटात हात घालून मागचा कोपरा चाचपला. एकदा, दोनदा. चकती फळीवरच्याच कापडाची, हाताला फरक लागणारच नव्हता. हात बाहेर काढून ते हाताकडेच बघत राहिले.

"नाहीये. मी पाडलंच नाही वाटतं. पण मला आठवतंय गं. भुसा खाली जमिनीवर पडला होता, तो मी झाडला. आठवतंय म्हणजे काय मग?" मग म्हणाले, "दादाचं असंच सुरू झालं होतं."

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. न केलेली कामं केली म्हणून सांगायचा. शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोला "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" विचारायचा. त्याच्या शेवटच्या वर्षात यांनीच त्याला भरवलं होतं.

सांगायचं होतं त्याच क्षणी. जीभ उचलली गेली नाही. मी माझ्या नवऱ्याला जवळजवळ मारलं होतं, आणि हे वाक्य तोंडाने म्हणायचं कसं ते मला माहीत नव्हतं. तेवढ्यात तेच म्हणाले, "विकून टाकू. असल्या डोक्याच्या माणसाने बायकोला घेऊन रस्त्यावर जाऊ नये." आणि मला, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. चार महिने मी हेच वाक्य ऐकायला टपले होते. पूल नाही, काच फुटणं नाही, साप नाही. नुसतं गप्प बसलं की झालं.

मी दोन दिवस गप्प बसले.

त्या दोन दिवसांत मी घाबरलेला माणूस म्हणजे काय ते बघितलं. मी आयुष्यभर घाबरत होते ते हौशी घाबरणं होतं. हे हत्यारं पेटीत ठेवायचे आणि पेटी पुन्हा उघडून मोजायचे. दाराला कुलूप लावून चार पावलं जायचे आणि परत यायचे. जेवताना मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज गुरुवार ना?" गुरुवारच होता. मी हो म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी त्यांचं मन राखायला म्हणतेय की काय. चोराच्या मनात चांदणं. मी ताटातून नजर वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा फोन. बाबांनी तिला सांगितलं होतं. ती रडत होती. "आई, डॉक्टरांची वेळ घेते. तू त्यांना एकटं सोडू नकोस हं. तू आहेस म्हणून बाबा वाचले." ते शेवटचं वाक्य मला सोसलं नाही.

मी फोन ठेवला आणि टीप उसवायचं पातं घेऊन व्हॅनमध्ये गेले. गुडघ्यांवर बसून कपाटात शिरले आणि चकती ओरबाडून काढली. गार वारा तोंडावर आला. तीच ती जमीन दिसली. भोकाचा काठ कसा गुळगुळीत, घासून गोल केलेला. असं काम बेकरीवाल्याचं नसतं. त्या दिवशी नीट बघितलं असतं तर मला कळलं असतं.

ते टेबलाशी बसले होते. मी चकती त्यांच्यासमोर ठेवली.

"भोक तुम्ही पाडलं होतं. मी बुजवलं. मला सापाची भीती वाटली."

त्यांनी चकती उचलली, काठाच्या टिपेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं हसतील. त्यांचे डोळे भरून आले.

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी. तुम्ही कोपरा चाचपलात तेव्हा."

"दोन दिवस?" ते म्हणाले. "दोन दिवस मी दादा झालो होतो. आणि तू मला गुरुवार आहे म्हणून सांगत होतीस."

मारलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं. मी म्हटलं, "मला जायचं नव्हतं. मला खूप भीती वाटते हो." ते उठले. चकती खिशात घालून बाहेर गेले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. लेकीला मीच फोन केला. तिने डॉक्टरांची वेळ मात्र तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते कपाटासमोर बसून होते. भोकावर बारीक जाळी बसवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उंदीर नाही येणार आता. सापसुद्धा नाही. हे मी आधीच करायला हवं होतं. तुला सांगायलाही हवं होतं." नवा रेग्युलेटर लावला, ते ओरडणारं यंत्र खाली फळीलगत बसवलं, सांध्यांना साबणाचा फेस लावला. मीही वाकून बघितलं. एकही बुडबुडा आला नाही. सुई कुणाची आणि रंधा कुणाचा, तो कायदा त्या दिवशी मोडीत निघाला.

डॉक्टरांकडे आम्ही तरीही गेलो. डोकं शाबूत निघालं. व्हॅन विकली नाही. भीती गेली म्हणून नव्हे, ती कुठे जातेय. पण त्या दोन दिवसांपेक्षा कुठलाही पूल बरा.

निघायच्या सकाळी घराला कुलूप लावून आम्ही आत बसलो. चहा करूनच हलायचं ठरलं होतं. ती चकती त्यांनी ओट्याच्या वरच्या फळीला खिळ्याने ठोकून ठेवली होती, माझ्या डोळ्यांसमोर. शेगडीवर भांडं. त्यांच्या हातात लायटर. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी खाली बसले. वास घेतला. जुन्या पावाचा होता, बाकी कसला नव्हता. कपाट उघडून तळहात जाळीवर धरला. बाहेरचा गार वारा हाताला लागला. तो लागत राहणार याची खात्री होईपर्यंत मी हात काढला नाही. मग म्हटलं, "पेटवा."