उलटवलेला हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना रबरी हातमोजा आहे, आणि तोही डाव्या हाताचा. हे डावेपण आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं.

मी बाहेरून जाड आणि खरखरीत, आतून गुळगुळीत. माझा उजवा भाऊ आणि मी एकाच पिशवीतून म्बरारा शहरातल्या कारखान्यात आलो. तिथे दुधाच्या स्टीलच्या टाक्या बनतात. वेल्डिंगचे सांधे काळे पडतात, म्हणून त्यांच्यावर ब्रशने फ्लोराइडच्या तेजाबाचा पांढरा लेप लावायचा आणि मग पाण्याने धुवायचा, की सांधा लखलखतो. गाईगुरांच्या मुलखातली माणसं, त्यांनी त्या लेपाचं नाव ठेवलं होतं लोणी! नावानेच त्याची भीती मेली.

आम्ही केन्यांगीच्या हातात गेलो. बाई भारी बडबडी. पण लग्नघरी तुपाचं पांढरंशुभ्र कालवण, म्हणजे एशाब्वे, फेटायला तिलाच बोलावणं यायचं. ते फेटताना अवाक्षर काढायचं नसतं, नाहीतर बिघडतं म्हणतात. बायका हसायच्या, "हिला गप्प करायचं तर हातात तूप द्या." तिच्या लेकीचं, अतुहैरेचं, लग्न ठरलं होतं. "लेकीचं एशाब्वे माझ्याच हातचं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

ब्रश उजव्या हातात, म्हणून माझा भाऊ आधी फाटला. केन्यांगी भांडारवाल्या ब्यारुहांगाकडे गेली. आमच्याकडे साहेबाला सेबो म्हणतात आणि बाईला न्याबो.

"सेबो, उजवा फाटला. नवी जोडी द्या ना."

"न्याबो, डावा धडधाकट दिसतोय. दोन्ही फाटले की या."

"म्हणजे उजव्या हाताने काय पाप केलंय?"

वेल्डर म्वेसिग्ये तिथेच उभा होता. त्याने मला उचललं, फुंकर मारली आणि माझी पाचही बोटं टुपकन उलटी बाहेर काढली. "घ्या, अतुहैरेच्या आई! डाव्याचा झाला उजवा. उगाच रडत होतात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्यारुहांगा म्हणाला, "याला म्हणतात डोकं!" त्या दिवसापासून कारखान्यात हीच रीत पडली. खोटं कशाला बोलू, मीही फुगलो होतो. जन्मभराचा डावा मी, एका फुंकरीत उजवा झालो!

पण मित्रांनो, जी बाजू इतके दिवस लोणी खात होती, तीच आता तिच्या कातडीला लागली. तिने मला नळाखाली धरून कुंपणावर वाळवलं होतं, पण माझ्या बारीक भेगांत मुरलेलं कुठे निघतं? हे फ्लोराइड फार लबाड. लगेच झोंबत नाही. गुपचूप कातडीतून आत शिरतं, हाडापर्यंत जातं आणि मग जागं होतं. केन्यांगी दिवसभर गप्पा मारत काम करत राहिली. मी तिच्या हाताला घट्ट बिलगून होतो.

संध्याकाळी तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली आणि आतून ठणकायला लागली. दवाखान्यात नर्सने विचारलं, "तेजाबाला हात लागला होता का?"

"छे हो, हातमोजा होता ना!"

हे तिनेच पुढे कारखान्यात सांगितलं. माझ्या चांगल्या नावानेच तिचा घात केला. फ्लोराइडचा विषय निघालाच नाही. भाजल्यावरचं साधं मलम लावून तिला घरी पाठवलं. लेपाच्या खोक्यात कॅल्शियमचं मलम आलेलं होतं, नेमकं याच विषावरचं. ब्यारुहांगाने ते बायकोला टाचांच्या भेगांसाठी नेऊन दिलं होतं.

तिची दोन बोटं कापावी लागली.

लेकीच्या लग्नात एशाब्वे नणंदेने फेटलं. केन्यांगी बाहेर पाहुण्यांशी बोलत बसली होती म्हणे. गप्प राहायचं कारणच उरलं नव्हतं.

मित्रांनो, मला उलटू नका. एक फाटला की जोडी टाकून द्या. लेप लागल्याची नुसती शंका आली तरी हात लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, चांगला वेळ धरा, कॅल्शियमचं मलम चोळा आणि डॉक्टरांना आधी फ्लोराइडचं नाव सांगा. दुखायची वाट बघू नका. मला पुन्हा सुलटा, डावा करून कुंपणावर टाकलंय; तिथून मी हे रोज ओरडून सांगतो, पण रबराला आवाज नसतो. बोटं गेली ती कुणाची तरी नजर लागून, असं केन्यांगीला अजून वाटतं. आता ती कारखाना झाडते.

आज नातुकुंडा नावाची नवी बाई कामावर आली आहे. तिचा उजवा मोजा फाटला. केन्यांगीने झाडू भिंतीला टेकवला आणि मला कुंपणावरून काढलं.

"रडू नकोस गं बाई. त्या ब्यारुहांगाच्या पाया पडायची काही गरज नाही. बघ, मी दाखवते."

उरलेल्या तीन बोटांत मला धरून तिने फुंकर मारली.