सतरा की अठरा

मी एक जुनी सागवानी पट्टी आहे, मित्रांनो. माझ्या कडेवरचा तपकिरी डाग शाईचा नाही. तो कुणाचा, ते सांगायलाच आज बसले आहे.

सोलापूरच्या भवानी पेठेत रेवणप्पा सुताराने मोडीत निघालेल्या हातमागाच्या फळीतून मला तासलं. "लई सरळ उतरलीस की," म्हणत त्याने माझ्यावरून हात फिरवला होता. पुढे मी अण्णाराव सरांच्या गणिताच्या शिकवणीत गेले आणि माझं नशीब फुटलं. रेघा क्वचित ओढल्या. पोरांच्या हातांवर मात्र रोज पडले.

सरांच्या माराला नियम होता. पहिल्या चुकीला दोन फटके. पुढच्या प्रत्येक चुकीला आधीच्या दुप्पट, वजा एक. दोन, तीन, पाच, नऊ. गेल्या वर्षी त्यांनी हाच नियम फळ्यावर मांडला. बोलण्याच्या नादात नऊच्या पुढे अठरा लिहिलं, एक वजा करायचा राहिलाच. एक पद चुकलं की पुढची सगळी चुकतात. त्यांनी धडाधड पस्तीस, एकोणसत्तर लिहून टाकलं.

"जोया, फळ्याकडं न बघता सांग. सातवं पद?"

"पासष्ट, सर."

दोन फटके.

"पुन्हा काढ."

"पासष्टच येतंय, सर."

तीन. मग पाच. मग नऊ. तिच्या तळहाताची कातडी फाटली आणि मी रक्ताने माखले. पोरी, एकदा एकोणसत्तर म्हण आणि सूट, असं मला वाटत होतं. ती म्हणेना.

"आता सतरा," सर म्हणाले.

मागच्या बाकावरची काव्या उभी राहिली. "सर, नऊच्या पुढं तुमी आत्ता सतरा म्हनला. फळ्यावर अठरा हाय."

सरांनी फळा पाहिला. वरमले असतील म्हणाल, तर चोर तो चोर वर शिरजोर. "मग आधी तोंड शिवलं होतं का?" असं जोयावरच ओरडून त्यांनी मला आडवी धरून तिच्या बोटांवर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मीही मधोमध तुटले.

मग सरांनी फळा पुसला आणि सुबक अक्षरात सतरा, तेहेतीस, पासष्ट लिहिलं. "हं, उतरवून घ्या." सगळ्यांनी उतरवून घेतलं. जोयाने डाव्या हाताने.

मित्रांनो, माझा एक तुकडा काव्याच्या दप्तरात आहे. त्याने रेघ अजून सरळ येते, तेवढ्यासाठीच मला हातात घ्या. आणि कुणी मला मारायला उचललं, तर नऊपर्यंत गप्प बसू नका. दोनालाच उभे राहा.