चौकटीवरचा नाल

शिवूच्या मांड्या कायम काळ्यानिळ्या असत. तो अंघोळीला बसला की महेश्वरी ते वळ बघे आणि तिला बरं वाटे. कुठल्या बायकोला नवऱ्याच्या अंगावरचे वळ बघून बरं वाटत असेल? पण ते त्याच्या अंगावर होते म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नव्हते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिवू टॉवेलचा माग चालवायचा. शेजारच्या मागावरचा सोमशेखर एकदा त्याच्या मेलेल्या बापावरून काहीतरी बोलला. शिवूनं त्याला मानगुटीला धरून मागाच्या लोखंडावर आपटलं. लोकांनी ओढून बाजूला करेपर्यंत आपटतच राहिला. सोमशेखरचा डावा डोळा गेला. महेश्वरी तेव्हा पोटुशी होती. लेकीला, संस्कृतीला, शिवूनं पहिल्यांदा पाहिलं ते कोर्टाच्या पायऱ्यांवर, हातात बेडी असताना. जामीन झाला तेव्हा वकील म्हणाले होते, "आता कुणावर नुसता हात उचललास तरी परत आत. मग मला बोलवू नकोस."

घरी आल्यावर त्याचे हात त्यालाच गप्प बसू देईनात. भिंतीला बुक्क्या मारी, भरलं ताट भिरकावी. मग एकदा मोबाइलवर त्यानं एका परदेशी पहिलवानाला घोड्याचा नाल नुसत्या हातांनी वाकवताना बघितलं. दुसऱ्याच दिवशी वरातीच्या घोड्यांना नाल ठोकणाऱ्या मकबूलचाचांकडून तो झिजलेल्या नालांचं पोतं घेऊन आला. टोकांना बाद टॉवेलच्या चिंध्या गुंडाळायच्या, एक टोक मांडीवर रोवायचं आणि दुसरं जीव खाऊन ओढायचं. मानेच्या शिरा फुगत, कधी नाकातून रक्त येई. लोखंड नमलं की त्याच्यातलंही काहीतरी नमे. मग तो लेकीला उचलून घेई, आणि ती त्याच्या त्या हातांची बोटं चोखत झोपून जाई.

राग आला की त्यानं पोत्याकडे जायचं, तिनं न विचारता चिंध्या द्यायच्या, असं दोघांचं न बोलता ठरलेलं.

पण आषाढ लागला, लग्नं थांबली. पोत्यात सगळे वाकलेलेच उरले. महेश्वरीनं नालांसाठी माहेरी निरोप धाडला, तर वडलांनी डबा भरून बैलाच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या पाठवल्या. बोटभर लांबीच्या, चपट्या. शिवू त्यातली एक पत्री चिमटीत धरून कितीतरी दिवसांनी हसला. "ह्या वाकवायला आपली संस्कृती पुरंल की!"

लेकीला कडेवर घेऊन महेश्वरी मकबूलचाचांकडे गेली.

"क्या बेटी, दरवाजे कू लगाने कू होना?"

"न्हाय चाचा, ह्यांना वाकवायला. कितीबी द्या."

"घोडे चलेंगे तो नाल घिसेंगे ना. अब दिवाली के बाद आना."

गल्लीत मात्र दारोदारी नाल होते, चौकटीवर ठोकलेले. तिनं शेजारच्या बसम्माला भीत भीत विचारलं. बसम्मा फणकारली, "तुझ्या नवऱ्याच्या रागापायी मी साडेसाती घरात घेऊ व्हय? चल, नीघ!"

त्याच रविवारी भर दुपारी गुरप्पा आला. सोमशेखरचा धाकटा भाऊ. हातात सायकलची चेन, संगं एक मित्र, त्याच्या हातात मोबाइल.

"ह्यानं हात उचलला की शूटिंग चालू कर," गुरप्पा मित्राला म्हणाला आणि दारात थुंकला. "ये की रे भाईर, पहिलवान! लोखंड वाकवतोस म्हणं. बायकोच्या पदराआड का लपलास?"

शिवू उठला. खाटेखालचं पोतं उपसलं, वाकलेले नाल फरशीवर खणखणत पडले. एकही सरळ नव्हता. त्याचे डोळे घरभर फिरले आणि वरवंट्यावर थांबले. त्यानं वरवंटा उचलला.

महेश्वरीनं लेक सासूच्या, गिरिजाबाईच्या, मांडीवर टाकली. स्टुलावर चढली. चौकटीवर शिवूच्या जन्माच्या साली ठोकलेला नाल होता. काळ्या घोड्याच्या पायातून आपोआप गळून पडलेला. तिनं दोन्ही हातांनी त्याला हिसडे दिले. गंजलेल्या खिळ्यांनी बोटं फाटली.

"अगं, काढू नको त्यो! घर उघडं पडंल!" गिरिजाबाई किंचाळली.

"उघडंच हाय, अत्ती!"

नाल लाकडाच्या ढलप्यांसकट निघाला. तिनं शिवूच्या हातातला वरवंटा ओढून घेतला आणि नाल कोंबला. "हे वाकवा. मला काय बी करून हे वाकवून दाखवा."

"हत्यार दिलं बाईनं!" मित्र ओरडला आणि त्यानं मोबाइल वर धरला.

तेव्हा महेश्वरीच्या ध्यानात आलं आपण काय केलं ते. अर्धा किलो लोखंड, आणि समोर गुरप्पाचं कपाळ.

शिवू बाहेर गेला. गुरप्पाच्या चेनचा पहिला फटका खांद्यावर बसला, सदरा फाटला. दुसरा कानावर, रक्ताची धार मानेवरून उतरली. शिवूनं नाल उचलला. महेश्वरीनं डोळे मिटून घेतले.

उघडले तर नाल मांडीवर होता. चिंध्या नव्हत्या. तळहाताचं कातडं सोलून निघत होतं. चेन पाठीवर पडत होती, आणि शिवू प्रत्येक फटक्याला नाल ओढत होता.

"मार की रे!" गुरप्पाचा आवाज चिरकला. "तुला दोन डोळे हायत की! नेम चुकायचा न्हाय तुझा! मार!"

काळ्या घोड्याचा नाल झिजलेला नव्हता, जाड होता. शिवूच्या तोंडातून जनावरासारखा आवाज निघाला. चेन पुन्हा पडली, पाठ उकलली. मग लोखंड हललं. थोडंसं, आणि मग एकदम.

तो वाकडा नाल शिवूनं गुरप्पापुढं धरला. "तुझ्या भावाचा डोळा मला देता येत न्हाय, गुरू. मार अजून."

चेन धरलेला हात खाली गेला. गुरप्पा रडत होता, नाक पुसत होता. मित्रानं मोबाइल खिशात घातला.

"उद्या येतो," गुरप्पा म्हणाला. "रोज येतो. बघू किती दिस हात आवरतोस."

ते गेले. महेश्वरीनं शिवूची बोटं नालावरून एकेक करून सोडवली. संस्कृती रांगत आली आणि बापाच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

"अजून एखादा हाय का गं कुटं?" शिवूनं विचारलं. खालच्या आवाजात, लेकीला न घाबरवता.

तेवढ्यात शेजारून खटखट आवाज आला. बसम्मा स्वतःच्या दारात पाटावर उभी राहून पकडीनं काहीतरी उपसत होती. खाली उतरली, आली, आणि कुणाकडेही न बघता गंजलेला नाल उंबऱ्यावर ठेवून गेली.

मग पलीकडच्या दारातही कुणीतरी स्टूल ओढलं.